त्या वर्षाची आई

२२ जानेवारी

पाहुणे,

या नावाने हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, ठाऊक नाही. तुझं खरं नाव लिहून पाहिलं, तर पत्र बँकेकडून आल्यासारखं दिसायला लागलं. म्हणून हेच ठेवते. आईने ठेवलेलं आहे. तू आमच्या घरी उतरलीस त्या दिवशी शेजारपाजारचे विचारायला लागले, ही उंच मुलगी कोण, तर आई म्हणाली, पाहुणी. पुढे वर्षभर राहिलीस, भांडी घासलीस, आजारी पडलीस, बरी झालीस, तरी नाव पाहुणीच राहिलं.

आई गेली. डिसेंबरात. फार दिवस अंथरुणाला खिळून नव्हती, तेवढं बरं. शेवटपर्यंत शिलाई मशीनवर कोणालाही हात लावू दिला नाही. तुला कळवायला एवढा उशीर केला, कारण पत्ता जुना होता आणि मनही धजत नव्हतं.

आता मागणं मागते. गेले काही आठवडे मी रिकामी बसले की आई आठवत बसते. लहानपणी माझ्या वेण्या घालताना तोंडात रिबिन धरणारी आई, माझ्या लग्नात सगळ्यांवर डाफरणारी आई, माझ्या लेकीला मांडीवर घेऊन तिच्याशी राजकारणावर बोलणारी आई. सगळी वर्षं हाताला लागतात, मध्ये एकच कोरं राहतं. मी सतरा वर्षांची होते ते. त्या वर्षी आपल्या दोन शाळांनी आपली अदलाबदल केली. मी तुझ्या घरी, तुझ्या पलंगावर झोपत होते आणि तू माझ्या. त्या वर्षाची आई तुझ्याकडे आहे.

बाबांना विचारलं, तेव्हा आई कशी होती? म्हणाले, होती की, नेहमीसारखीच. बाबांच्या लेखी सगळीच माणसं नेहमीसारखी असतात.

तुझ्या शेवटच्या पत्रात तू बजावलं होतंस, माझ्या आईच्या घरातलं काही मला लिहू नकोस. मी लिहिलं नाही. मग आपल्यात लिहिण्यासारखं उरलं काय? पत्रं पातळ होत गेली आणि थांबली. मला राग नव्हता, आजही नाही.

जे आठवेल ते लिही. फुटकळ असलं तरी चालेल.

तुझी,
चिमूट

(तुझ्या आईने मला ठेवलेलं नाव. आमच्या भाषेत हाच शब्द त्याच्या सगळ्यात जवळचा आहे.)


९ फेब्रुवारी

पाहुणे,

कार्ड मिळालं. चारच ओळी, पण आमच्या लिपीत! 'अई गेली हे वाचून रडले' असं लिहिलंयस. बाबांनी सवयीने पेन्सिल उचलली, शब्दकोडी सोडवताना तुझ्या चुका दुरुस्त करायचे तशी, आणि मग परत खिशात ठेवून दिली. म्हणाले, राहू दे तसंच.

खाली विचारलंयस, 'सांगीन, पण तुला हे एवढं का हवंय?' का ते मला धड सांगता येणार नाही. त्यापेक्षा माझ्याकडचं आधी देते. तुझ्या आईचं तेच वर्ष माझ्याकडे आहे. नको असेल तर इथे थांब. पण फाडू मात्र नकोस.

तुझ्या आईला मी पहिल्याच दिवशी मावशी म्हणाले. आमच्याकडे आईच्या बहिणीला म्हणतात, हे हातवारे करून समजावलं. तिने तो शब्द दोनतीनदा तोंडात घोळवला आणि मान डोलावली. मंजूर.

घरातली मावशी वेगळी आणि शाळेतली वेगळी, हे तुला मी काय सांगणार? तू तर लहानपणापासून तिच्या हातचं शाळेत जेवलीस. पण मला ते नवीन होतं. सकाळी मी उठायच्या आत ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोचलेली असायची. दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी राहिले, की वाफेने भरलेल्या खिडकीतून पांढरी टोपी दिसायची. हातात डाव, चेहऱ्यावर ओळखीचा मागमूस नाही. पहिल्या दिवशी मी हसले तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळा तपासायला आलेली बाई आहे. मग पदार्थाकडे बोट दाखवून म्हणाली, नाव सांग. नाव सांगितल्याशिवाय वाढणार नाही. माझ्यामागे रांग खोळंबलेली, पोरं ट्रे वाजवतायत, आणि मी शब्द शोधतेय. रोज. वर्षभर.

एकदा मी तिच्याकडे वाटीभर गरम बूट मागितला. तुमच्या भाषेत सूप आणि बूट यांच्यात एका अक्षराचा फरक आहे आणि तो मला त्या दिवशी सापडला नाही. अख्खी रांग हसली. खिडकीमागच्या बाकीच्या बायकाही हसल्या. मावशीच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. म्हणाली, 'बूट उद्या आहे. आज सूप आहे.' आणि वाढलं.

मी ट्रे घेऊन नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. कान तापले होते. तेवढ्यात दातांना तार लावलेली एक मुलगी समोर येऊन बसली आणि गंभीरपणे म्हणाली, तुझा बूट नीट शिजलाय का, माझा जरा कच्चा आहे. त्या दिवसापासून मी एकटी जेवले नाही. त्या तारवालीचं पुढे काय झालं, तुला माहीत आहे का? माझ्या वहीत तिने काढलेलं बुटाचं चित्र कित्येक वर्षं होतं.

आणि बटाटे! देवा. सोमवारी उकडलेले, मंगळवारी कुस्करलेले, बुधवारी भाजलेले, आणि आठवड्याच्या शेवटी या सगळ्यांची आठवण म्हणून सूप. पहिल्या महिन्यात मला स्वप्नात तिखट दिसायचं. आईने दिलेली लोणच्याची बरणी बॅगेत सांडली होती, माझे सगळे नवे कपडे तेलकट पिवळे झाले होते. मावशीने ते तीनतीनदा धुतले, तरी रसायनशास्त्राच्या तासाला खोली गरम झाली की माझ्या स्वेटरमधून मोहरीचा वास यायला लागायचा. मास्तर नाक वर करून हवेत हुंगायचे आणि खिडक्या उघडायला सांगायचे. त्यांना वाटायचं कुठली तरी बाटली गळतेय. मी खाली मान घालून तो वास छातीभर घ्यायचे. घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

बरणीच्या तळाशी उरलं होतं तेवढं लोणचं मी पुरवून पुरवून खाल्लं. एका रविवारी मावशीने बोट बुडवून चाखलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, पण हार मानायची नाही म्हणून तिने आणखी एकदा बोट बुडवलं. मग उकडलेल्या बटाट्याला लावून खाल्लं आणि काकांनाही दिलं. काका खोकत खोकत खोलीबाहेर गेले. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

तेव्हा घरात तिघं होतो आम्ही. आज एवढंच.

चिमूट


२६ फेब्रुवारी

पाहुणे,

तुझं उत्तर नाही. वाचत असशील असं धरून लिहिते.

मागच्या पत्रात मी काकांपर्यंत आले आणि थांबले. तुझे वडील. रेडिओ दुरुस्त करायचे, घरभर तारा, स्क्रू, पोटं उघडी पडलेले रेडिओ. बोलायचे कमी. मी गेले तेव्हा ते आणि मावशी एकमेकांशी भांडत नव्हते. एका टेबलावर जेवायचे, मीठ मागायचे, द्यायचे. मला वाटायचं, इथली माणसं अशीच शांत असतात. आमच्या घरी आईबाबा पंख्याच्या वेगावरूनही भांडतात, त्यामुळे मला तुमचं घर फार सुसंस्कृत वाटायचं.

हिवाळा अर्धा झाला असेल. मी शाळेला निघाले होते, काका जिन्यापाशी कोट घालून उभे होते. एका हातात अवजारांची पेटी, दुसऱ्या हातात सुटकेस. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि माझ्याशी हात मिळवला. एखाद्या मोठ्या माणसाशी मिळवावा तसा. काहीतरी बरंच बोलले. मला त्यातलं 'शाळा' आणि 'चांगली' एवढंच कळलं. मला वाटलं, दुरुस्तीच्या कामाला कुठे चाललेत. मी नुकतीच भविष्यकाळाची वाक्यं शिकले होते. त्यांना म्हणाले, 'आपण संध्याकाळी भेटू.' एकही चूक न करता. आणि मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की बसमध्ये ते वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात म्हटलं.

दुपारी खिडकीत मावशी होती. टोपी जरा तिरकी. मला नाव विचारलं, मी सांगितलं, तिने वाढलं. नेहमीपेक्षा एक डाव जास्त.

संध्याकाळी टेबलावर दोनच ताटं होती. मी तिसरं आणायला उठले तर म्हणाली, बस. काकांना दुसऱ्या शहरात काम मिळालंय. हे तिने अगदी सावकाश, माझ्यासाठी सोपे शब्द निवडून सांगितलं. कितीतरी दिवस मी त्यावर विश्वास ठेवला. मग जिन्यातल्या बायकांचं बोलणं कळण्याइतकी माझी भाषा सुधारली.

ती घरी जेवायची बंद झाली. मला वाढायची, समोर बसायची, आणि विचारलं तर म्हणायची, दिवसभर वास घेऊनच पोट भरतं. शाळेतही खात नव्हती, खिडकीमागच्या एका बाईने मला सांगितलं. कोट अंगावर सैल व्हायला लागला. मला काय करावं कळेना. मी सतरा वर्षांची, आणि माझ्याकडे तिला समजावण्यापुरते शब्दच नव्हते. 'मीठ दे' आणि 'आज पाऊस पडेल' यावर कोणाचं सांत्वन होतं का?

शेवटी एका शनिवारी तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि डाळ-भात केला. घरी कधी गॅस पेटवला नव्हता मी, आई तुझ्याकडून करून घ्यायची म्हणे, मला मात्र कायम हाकलायची. डाळ पाण्यासारखी झाली, भात खाली लागला. वरचा वरचा भात वाढला. तिने चमचाभर खाल्ला, थांबली, आणखी खाल्ला. मग उठून पातेलं टेबलावर घेऊन आली आणि तळाचं करपलेलं चमच्याने खरवडून खायला लागली. खात होती आणि रडत होती. मध्येच एक शब्द म्हणाली. मी तो कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, दुःखाचा असेल, प्रेमाचा असेल, काहीतरी मोठा असेल. कानात धरून ठेवला आणि सोमवारी शाळेत शब्दकोशात शोधला. अर्थ निघाला, 'खरपुडी'.

त्यानंतर दर शनिवारी मी भात करायचे, आणि ती मला तो मुद्दाम खाली लागू द्यायला सांगायची.

ज्या रविवारी तुझं पत्र यायचं, त्या दिवशी ती माझी शिकवणी घ्यायची. तू लिहिलेलं मोठ्याने वाचायची, प्रत्येक वाक्य मला परत म्हणायला लावायची. त्यामुळे तुझी पत्रं मला अजून थोडीथोडी पाठ आहेत. तू लिहिलं होतंस, शाळेचा गणवेश आईने शिवला पण मी इतकी उंच की कापड पुरलं नाही, खाली दुसऱ्या रंगाची पट्टी लावली आणि आता वर्गातल्या सगळ्या मुलींना तशी पट्टी हवीय. मावशी हे वाचताना उभी राहिली आणि तुझ्या उंचीएवढा हात वर करून मला दाखवला.

तुझ्या पलंगावर मी झोपत होते, पण माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला तिने त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. तुझा हिवाळी कोट ती उन्हात ठेवायची. तुझ्या देशात तेव्हा ऊन नसायचंच, तरी ठेवायची.

चिमूट


१५ मार्च

पाहुणे,

पत्र मिळालं. तुमच्या भाषेत लिहिलंयस, म्हणजे रागात लिहिलंयस. 'तुला सगळं माहीत होतं. मी घरी पोचले तेव्हा दारात एकटी आई, तिच्यामागे बाबांच्या कोटाची खुंटी रिकामी. सगळ्या जगाला माहीत होतं, मीच तेवढी तिकडे गणवेशाच्या पट्ट्यांवर पत्रं लिहीत होते. तिने मला मूर्ख बनवलं.'

तुझा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. घरी जाऊन वडील सापडले नाहीत, तर मीही बॅग उचलून त्यांच्या शहराला निघाले असते. पण आपण दोघी त्या वर्षी एकमेकींना लिहीत नव्हतो, आपली ओळखच नव्हती. मी लिहीत होते ती माझ्या आईला. तिला मी सगळं लिहिलं होतं. काका घरात नाहीत, मावशी जेवत नाही. आणि मावशीने माझ्यासमोर बसून मला एक ओळ सांगितली, ती मी आमच्या भाषेत करून आईला पाठवली: माझ्या मुलीला एवढ्यात सांगू नका, तिचं वर्ष तिला पूर्ण मिळू दे.

आईचं उत्तर आलं. मला लिहिलं होतं, तू फक्त तिच्याबरोबर जेवत जा, मोठ्यांचं मोठे बघतील.

म्हणजे आईलाही माहीत होतं, पाहुणे. जिच्यासाठी तू परवा रडलीस, तिला. तुझ्या ताटात वाढत होती, तुझ्या गणवेशाला पट्टी लावत होती, आणि तिला माहीत होतं. हे लिहू की नको याचा मी आठवडाभर विचार केला. लिहिल्याने तुझ्या मनातल्या माझ्या आईला धक्का लागणार. पण ज्या गोष्टीवरून तू तुझ्या आईशी इतकी वर्षं बोलत नाहीस, तीच माझ्या आईनेही केली होती, आणि एकीला शिक्षा आणि दुसरीला अश्रू, हे मला बघवत नाही.

आता सध्याचं, मावशीच्या फोनवरून कळलेलं. मावशीचे गुडघे गेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. जिना चढवत नाही, म्हणून उन्हाळ्यात ती घर सोडून तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायला जाणार आहे. सामान आवरायला कोणी नाही. तिने मला विचारलं नाही, मीच येते म्हणाले. मे महिन्यात जातेय. माझ्या लेकीला बाबांकडे ठेवीन, की बाबांना लेकीकडे, ते दोघं ठरवतील.

तुला ये म्हणत नाही. फक्त तुझ्या खोलीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते मला ठरवता येणार नाही. ते कळव.

चिमूट


८ एप्रिल

पाहुणे,

पाकीट फुगलेलं बघूनच बाबा म्हणाले, ही तिची जुनी सवय. कोडं सोडवतानाही समासात निबंध लिहायची.

मी सगळं पत्र त्यांना वाचून दाखवलं. एक पान सोडून. त्या पानाबद्दल आधी बोलते.

म्हणजे तुला निघताना कळलं होतं. आईनेच सांगितलं होतं. विमानतळावर जायची गाडी दारात उभी, बाबा सामान चढवतायत, आणि आईने तुला आत नेऊन मशीनसमोरच्या स्टुलावर बसवलं. म्हणाली, 'घरी तुझे बाबा नसतील. चिडशील. पण आधी आईबरोबर दोन घास खा, मग काय ते विचार.' आणि तू हो म्हणालीस. मग चौदा तासांच्या प्रवासात तुझा राग वाढत गेला, दारात मावशी दिसली, आणि तू उंबऱ्याच्या आतही न जाता विचारलंस. तिने टेबलावर जेवण मांडलं होतं. ते तुला जिन्यातून दिसत होतं.

तू लिहितेस, 'माझा राग कधीच संपला. पण मी तिथे जेवले नाही, हे तुझ्या आईला कुठल्या तोंडाने कळवणार होते? म्हणून पत्रं बंद केली.'

वेडी आहेस. आईने कधी विचारलं नाही, आणि कळलं असतं तर म्हणाली असती, मग आता जा.

बाकीची पानं मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. माझी आई तुझ्याबरोबर सायकल शिकली? शाळेच्या मागच्या मैदानात, साडी खोचून, आणि दोघी मिळून माळ्याच्या कुंड्यांवर पडलात? ही गोष्ट या घरात कोणालाही माहीत नाही. बाबांना वाचून दाखवली तर आधी म्हणाले, शक्यच नाही. मग म्हणाले, त्या वर्षी तिचा हात प्लास्टरमध्ये होता, मला म्हणाली होती न्हाणीघरात पाय घसरला. आणि खो खो हसायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले ग. हसता हसता चष्मा काढून पुसत राहिले.

आणि तू लिहिलंयस, ती रोज दुपारी माझ्या शाळेच्या वेळेचा हिशेब करायची. 'आता तिकडे जेवणाची सुट्टी झाली असेल, आता ती काहीतरी खात असेल.' आणि तेव्हाच तुझ्या ताटात आणखी भात वाढायची. तुझं पोट भरलेलं असायचं. तरी तू खायचीस, कारण तुला वाटायचं, तू खाल्लंस की मला पोचतं.

यासाठीच मागितलं होतं ते वर्ष. मिळालं.

खोलीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मी त्यातलं काहीच टाकणार नाही, सगळं खोक्यांत भरून ठेवीन.

चिमूट


१९ जून

पाहुणे,

तुझ्या आईच्या पत्त्यावर तुला पत्र पाठवायची ही पहिलीच वेळ. परवा घरी पोचले. लेकीने आणि बाबांनी घराची जी अवस्था केली होती, ती सांगण्यासारखी नाही.

तू तिथेच होतीस, तरी त्या दिवसाचं लिहिते. कारण तू तुझ्या आईकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे, तेव्हा मला जे दिसलं ते तुला दिसलं नसणार.

आम्ही खोकी भरत होतो. घंटी वाजली. मावशीला वाटलं, सामान नेणारा आला. मी दार उघडलं तर एक उंच बाई, केस पांढरे व्हायला लागलेले, जिना चढून धाप लागलेली. आपण एकमेकींना कधी पाहिलंच नव्हतं, पाहुणे. जुन्या फोटोतली मुलगी मी त्या चेहऱ्यात शोधत होते. आणि तू म्हणालीस, 'काय ग बाई हा जिना, जीव गेला माझा.'

तू आमची भाषा माझ्या आईच्या तोंडून शिकलीस. तिच्यासारखी घाईघाईने, शेवटचा शब्द अर्धा गिळत, 'बाई'वर जोर देत. म्हातारपणी आईचा आवाज बारीक झाला होता, बोलणं तुटक झालं होतं. दारात जी बोलली ती चाळिशीतली आई होती. मी दाराला धरून उभी राहिले. तुला वाटलं, मी तुला आत घ्यायला कचरतेय. तसं नव्हतं ग. मला तू आणखी एक वाक्य बोलायला हवी होतीस.

मग मावशी काठी टेकत बाहेर आली. तिने विचारलं, 'जेवलीस?' तू म्हणालीस, 'नाही. तू?' ती म्हणाली, 'नाही.'

घरात भांडी सगळी खोक्यांत. मी तीन वाट्या शोधून काढल्या. ब्रेड होता, सकाळचं सूप होतं. तिघी खोक्यांवर बसून जेवलो. मावशी आपल्या वाटीतला बटाटा तुझ्या वाटीत टाकत होती आणि तू परत तिच्या वाटीत टाकत होतीस, आणि दोघींचंही त्याकडे लक्ष नव्हतं.

वाट्या रिकाम्या झाल्यावर तू विचारलंस, 'का नाही सांगितलंस मला?'

मी इतकी वर्षं मनात उत्तर धरून होते. तुझं वर्ष तुला पूर्ण मिळावं म्हणून. तिने मला तसंच लिहायला सांगितलं होतं ना. पण मावशी म्हणाली, 'तुझ्या पत्रांत तू हसत होतीस. सांगितलं असतं तर तशी पत्रं आली नसती. त्या हिवाळ्यात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.'

तिच्या गुडघ्यावर हात ठेवलास, जोरात, तिला दुखलं, ती ओरडली, आणि तू रडायला लागलीस. तेव्हा मी उठून ब्रेड आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. ब्रेड घरात भरपूर होता.

खाली दुकानापाशी उभी राहून मीही रडून घेतलं. मला तुझा हेवा वाटला, हे तुला सांगायला हवं. तुझ्यासाठी आनंदच होता, पण हेवाही होता. तुला विचारायला आई होती.

तू महिनाभर राहणार हे ऐकून बरं वाटलं. मावशीचा काल फोन आला. बराच वेळ तुझ्या तक्रारी सांगत होती. तू कपाट खिडकीसमोर ठेवलंस म्हणून उजेड येत नाही. तू सुपात मीठ कमी घालतेस. शाळेत शेकडो पोरांना जेवायला घातलं, आता ही मला मीठ शिकवते म्हणे. मागून तुझाही आवाज येत होता, डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय का म्हणून. मग तुम्ही दोघीच वाद घालत बसलात आणि फोन माझ्याकडे चालू आहे हे विसरलात. मी ठेवला नाही. ऐकत राहिले.

बाबा कोडं सोडवत बसले होते. म्हणाले, काय चाललंय तिकडे? मी म्हटलं, भांडतायत दोघी, कपाटावरून आणि मिठावरून.

बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, 'मग बरं चाललंय.'

चिमूट